एक देश, एक वर्गणी

आमच्या पिंगुळीचे नाव चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांमुळे दूरवर पोहोचले आहे. ठाकर समाजाच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या रामायण-महाभारताच्या चित्रपोथ्या पाहावयास देशोदेशीचे अभ्यासक येतात. २०२१ साली श्री. परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली. परंतु अशा लोककलांविषयी विद्वानांच्या नियतकालिकांत जे छापून येते, ते पिंगुळीच्या विद्यार्थ्याला वाचावयास मिळते काय? या प्रश्नापोटीच मी हा विषय घेतला आहे.

संशोधनाची नियतकालिके आता मुख्यत्वे संगणकावर वाचली जातात. वर्गणी भरणाऱ्या संस्थेलाच त्यांचे दार उघडते. तांदूळ एका दुकानी महाग वाटला तर दुसरे दुकान गाठता येते. पण हवा असलेला लेख एकाच नियतकालिकात असतो. म्हणून एकटे ग्रंथालय प्रकाशकापुढे दुबळे पडते. यावर तोड म्हणजे सर्वांनी मिळून एकच सौदा करणे. प्रकाशकालाही ते परवडते, कारण वाचक वाढला म्हणून नवी प्रत छापावी लागत नाही.

आपल्याकडे ही वाट टप्प्याटप्प्याने तयार झाली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने विद्यापीठांसाठी सामायिक खरेदी चालविली; २०१५ साली निरनिराळ्या योजना ई-शोधसिंधूत एकत्र आल्या. पुढे २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था आणि जवळजवळ १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा हा पसारा आहे. हिशेब केला तर माणशी वर्षाला सुमारे १,१०० रुपये पडतात.

आता दुसरी बाजू. मंजूर योजना केंद्र वा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी आहे. आपल्या कोकणातील बरीचशी महाविद्यालये मात्र शिक्षणप्रेमी मंडळींनी स्थापन केलेल्या संस्था चालवितात. अनुदानित महाविद्यालयांसाठी २०१० मध्ये ‘एन-लिस्ट’ ही वेगळी सोय झाली. पण तिचा संग्रह त्या मानाने लहान. म्हणजे विद्यार्थ्याची जिज्ञासा तीच, पण दार किती उघडेल हे ठरते महाविद्यालय कोण चालवितो यावरून! शिवाय, कागदी अंक एकदा घेतला की कपाटात राहतो. येथे आपण मुख्यतः वाचण्याचा हक्क घेतो, आणि त्याची मुदत पुढे वाढवून घ्यावी लागते.

माझ्या मते सामायिक वर्गणी ही योग्य पायरी आहे, पण शेवटची नव्हे. तिच्यात अनुदानित महाविद्यालये यावीत, आणि सरकारी पैशांतून झालेले संशोधन सर्वांना विनामूल्य खुले व्हावे. इन्फ्लिबनेटच्याच ‘शोधगंगा’वर विद्यापीठांचे प्रबंध कोणालाही वाचता येतात, म्हणजे हे अशक्य नाही. ज्यांच्या घरातील पोथीवर प्रबंध लिहिला जातो, त्यांच्या मुलांना तो वाचावयास मिळणे हा उपकार नाही. तो त्यांचा हक्क आहे.