उचल म्हणजे कमाई नव्हे

दसरा-दिवाळी उरकली की सिल्लोड तालुक्यातल्या कोरडवाहू गावांत काही दारांना कुलपं लागतात. कापूस-मक्यावर वर्ष निघत नाही, म्हणून जोडपी ऊसतोडीला जातात. मागे पारावर चर्चा होते, ‘लाखभर रुपये आधीच हातात पडतात, यांचं काय वाईट?’

ते पैसे म्हणजे मुकादमाने दिलेली उचल, आणि उचल हे कर्ज. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला. टनाला 273 चे 366 रुपये झाले. या वाढीव दरानेही लाखाची उचल फिटायला 273 टन ऊस तोडावा लागतो. नवरा-बायको मिळून हिशेबात एकच ‘कोयता’. त्या कोयत्याने रोज दोन टन तोडले, तरी एकही सुट्टी न घेता साडेचार महिने! आजारपणात खाडा पडला तर त्याचे पैसे वेगळे कापतात. हंगाम लवकर आटोपला की बाकी पुढच्या वर्षावर जाते, म्हणून पुन्हा तोच मुकादम. मीठमिरचीला रोकड मिळते ती बहुतेकदा वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून.

स्थलांतरित मजूर म्हणजे परप्रांतीय, हा दुसरा समज. 2011 च्या जनगणनेतल्या सुमारे 45 कोटी स्थलांतरितांपैकी राज्याची सीमा ओलांडलेले जेमतेम साडेपाच कोटी होते. स्थलांतरित मजुरांसाठीचा 1979 चा कायदा मात्र सीमा ओलांडणाऱ्यांसाठीच झाला. सिल्लोडची टोळी बेळगावकडच्या कारखान्यावर गेली तर त्यात बसायची, कोल्हापूरला गेली तर नाही. ऊस तोच, कोयताही तोच.

कायद्यात बसणाऱ्यांचंही फार बरं चाललं होतं असं नाही. 8 मे 2020 च्या पहाटे सिल्लोडच्याच जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली 16 मजूर गेले. मध्य प्रदेशातले हे मजूर जालन्यातल्या पोलाद कारखान्यात कामाला होते. टाळेबंदीत ते रुळांवरून पायी भुसावळकडे निघाले होते.

गाव सोडलं की रेशन बुडतं, हेही खरं नाही. आधारशी जोडलेल्या कार्डावर दुसऱ्या गावच्या दुकानातही धान्य मिळतं. निम्मं घर गावी असेल तर वाटा तिकडे आणि इकडे विभागून उचलता येतो. आणखी एक समज ई-श्रम कार्डाचा: ते म्हणजे पेन्शन नव्हे, ती असंघटित कामगारांची केवळ नोंदणी आहे.

तुमच्या गल्लीतून यंदा टोळी निघाली, तर गाडी भरताना एवढं विचारा: रेशनकार्ड बरोबर घेतलंय ना, आणि उचलीचा हिशेब कुणाच्या वहीत आहे?