दाराखालचा पत्रा

एमजी ही अक्षरे भारतात आज दिसतात ती हेक्टरसारख्या उंच, धिप्पाड गाड्यांवर. या गाड्या 2019 पासून इथल्या बाजारात आहेत आणि गुजरातेत हलोलला तयार होतात. पण या नावाला कीर्ती मिळवून दिली ती इंग्लंडातल्या ॲबिंग्डन गावच्या कारखान्यातून निघणाऱ्या बुटक्या, उघड्या स्पोर्ट्स गाड्यांनी. त्यांतली सर्वांत लोकप्रिय म्हणजे एमजीबी. 1962 पासून 1980 पर्यंत या गाड्या पाच लाखांहून अधिक संख्येने बाहेर पडल्या. त्यांचे इंजिन साधे आहे, सुटे भाग अजून मिळतात, आणि घरच्या शेडमध्ये पान्हे घेऊन बसणाऱ्या हौशी माणसाला जमतील अशी यांत्रिक कामेच त्यांत बहुतेक असतात. या गाडीचे आयुष्य संपवतो तो गंज. आणि गंजाच्या दुरुस्तीबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे, की हे काम शोभेचे आहे: डाग घासायचा, पुट्टी भरायची, रंग मारायचा. एमजीबीसारख्या गाडीत गंजाचे काम मुळात सांगाड्याचे काम आहे, रंगाचा प्रश्न अगदी शेवटी येतो. आणि ते नीट करायला जे सर्वांत जास्त लागते, म्हणजे वेळ, तो घरी काम करणाऱ्याकडे असतो.

हे पटण्यासाठी गाडी उभी कशावर आहे ते पाहायला हवे. आधीच्या एमजीए या गाडीला खाली वेगळी भक्कम चासी होती आणि तिच्यावर बॉडी बसवलेली होती; बॉडीचा पत्रा कुजला तरी गाडीचा कणा शाबूत राही. एमजीबीत ही वेगळी चासी गेली. पत्र्याचे भाग एकमेकांना स्पॉट वेल्डने जोडून तयार झालेली बॉडी हाच तिचा सांगाडा. कुर्ल्यात तयार होणारी आपली प्रीमियर पद्मिनीही याच जातीची होती. पण पद्मिनीला छप्पर होते. उघड्या एमजीबीला ते नाही, त्यामुळे झाकण काढलेला पुठ्ठ्याचा खोका जसा हातात पिळवटतो तशी ही बॉडी पिळवटू पाहते. तिला सरळ धरून ठेवते ती दोन्ही दारांखालून, पुढच्या चाकाच्या मागपासून मागच्या चाकाच्या पुढपर्यंत जाणारी पत्र्याची बंद पेटी, म्हणजे सिल. बाहेरून दिसतो तो तिचा फक्त बाहेरचा पत्रा. आत एक उभा पडदा आहे, त्याच्या आत आतला सिल, आणि तळाशी या सगळ्यांना बांधणारी एक घडीची पट्टी. पत्र्याची जाडी सुमारे एक मिलिमीटर. एवढ्या पातळ पत्र्यात ताकद येते ती पेटीच्या आकारामुळे, आणि पेटीची एक भिंत गेली की उरलेल्या भिंतींचा उपयोग झपाट्याने घटतो.

या पेटीला गंज लागतो तो आतून. लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरतात, पण इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर खनिज मीठ टाकतात. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंजणे ही विजेच्या वहनावर चालणारीच क्रिया असल्याने तिचा वेग वाढतो. पुढचे चाक हा खारा चिखल मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात मागे फेकते. तिथे तो साठतो, ओला राहतो आणि पाझरत सिलमध्ये उतरतो. सिलच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात; ती चिखलाने बुजली की पेटीत पाणी मुक्कामाला येते. त्यात जोड दिलेल्या दोन पत्र्यांमधली फट ही सर्वांत वाईट जागा. फटीत पाणी शिरते, हवा कमी शिरते, आणि एकाच ओल्या पत्र्यावर जिथे हवा कमी पोचते तिथलेच लोखंड आधी झिजते. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून तो दोन पत्र्यांना ढकलून वेगळे करतो, फट रुंदावते, आणखी पाणी आत येते. कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यात चार पावसाळे काढलेल्या लोखंडी गेटच्या सांध्यांशी हेच चाललेले असते.

म्हणजे रंगावर जो फोड दिसतो ती या गोष्टीची अखेर असते. तो दिसेपर्यंत आतला पडदा बहुधा चाळणीसारखा झालेला असतो. म्हणून तपासणीची सुरुवात रंगापासून करू नये. सिलच्या तळाशी आणि मागच्या चाकाच्या पुढे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. धड पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा दबका. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. दाराच्या मागच्या कडेची फट पाहावी: ती वर अरुंद आणि खाली रुंद झाली असेल, तर गाडी मध्यावर वाकू लागली आहे. आसनांच्या मागे, फळीखाली बॅटरीचे पेटारे असतात, तिथे सांडलेल्या आम्लाने पत्रा खाल्लेला असू शकतो. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे पुढचे टोक जिथे अडकवलेले असते, ती जागा तर हटकून पाहावी. गालिचा उचलला नाही तर यातले निम्मे काही दिसतच नाही.

आता पहिला आक्षेप. गाडी रविवारच्या फेरफटक्यापुरती आहे, मग भोकावर ठिगळ आणि वर पुट्टी एवढे पुरेसे नाही का? बाजारात असे बाहेरचे सिल मिळतातही, जे कुजलेल्या सिलवर सरळ चढवून वेल्ड करता येतात. असे काम स्वस्त असते आणि वर्षभर छान दिसते. पण त्यात नवा पत्रा कुजक्या पत्र्याला जोडलेला असतो, म्हणजे वेल्डला धरायला खाली काही नसते. आणि नव्या-जुन्या पत्र्यांमध्ये एक नवी फट तयार होते, जी गंजाला हवी तशीच असते. पुट्टी आकार सारखा करण्यासाठी उत्तम वस्तू आहे, दोन-तीन मिलिमीटरपर्यंत तिच्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण ती भार घेत नाही आणि मागून ओल लागली की ती धरून ठेवते. रविवारी फिरणाऱ्या गाडीलाही अपघात रविवारीच होणार. त्या क्षणी बाजूने आलेला धक्का झेलायला सिल नावाला असून चालत नाही.

खरी दुरुस्ती म्हणजे कापणे आणि जोडणे, आणि तिचा सगळा जीव क्रमात आहे. कापण्याआधी दाराच्या चौकटीत, दार लावता येईल अशा बेताने आतून, चौकोनी नळीचा आधार घट्ट बसवायचा, म्हणजे चौकटीचे दोन खांब जागचे हलणार नाहीत. गाडीचे वजन चाकांच्या जागीच पेलले जाईल अशी ती सपाट जमिनीवर टेकवायची. एका वेळी एकच बाजू उघडायची. दोन्ही बाजू एकदम कापल्या की गाडीला आपला आकार आठवण्याचे साधनच उरत नाही. पुढचे मडगार्ड बोल्टांवर आहे, ते काढता येते. मागचे बॉडीला वेल्ड केलेले आहे आणि सिलचे मागचे टोक त्याच्याखाली शिरलेले आहे, म्हणून मागच्या मडगार्डचा खालचा तुकडा कापावाच लागतो. हा तुकडा वाचवण्याच्या मोहापायी अर्धवट कामे होतात, कारण मग नवा सिल शेवटपर्यंत जात नाही आणि सर्वांत जास्त भार येणारा कोपरा जुनाच राहतो. कापत जायचे ते चकचकीत, पूर्ण जाडीचे लोखंड लागेपर्यंत. मग नवा भाग फक्त चिमट्यांनी अडकवायचा, दार लावून फट पाहायची, पुन्हा काढायचा, घासायचा, पुन्हा अडकवायचा. वेल्डिंग हा यातला सर्वांत लहान भाग आहे. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला ओळीने भोके पाडून त्यांतून मिग वेल्डिंगने खालचा पत्रा धरायचा, आणि जोडाच्या फटीत आधीच जस्ताचा, वेल्डिंगची उष्णता सोसणारा प्रायमर लावून ठेवायचा. जिथे दोन कडा समोरासमोर येतात तिथे एक टाका इथे, दुसरा वीतभर दूर, तिसरा मधे, पत्रा निवू देत देत. सलग रेघ ओढण्याची घाई केली की पत्रा तापून लाटांसारखा उचलतो, आणि त्या लाटा मग पुट्टीने लपवाव्या लागतात.

इथेच घरच्या कामाचा कस आहे. गॅरेजमध्ये तासाचे पैसे मोजले जातात. नवा भाग सहाव्यांदा काढून पुन्हा बसवण्याचे बिल कोणी गिऱ्हाईक आनंदाने देत नाही. कारागीर कुशल असूनही, बाहेरून दिसणार नाही अशा पडद्याचे काम आखडते घेण्याचा दबाव त्याच्यावर असतो. घरी काम करणाऱ्याचा तास फुकट असतो, आणि नेमक्या याच कामात तासांना किंमत आहे.

गंजाचे रूपांतर करणाऱ्या रसायनांवर भिस्त ठेवणारे बरेच आहेत. टॅनिक किंवा फॉस्फरिक आम्ल असलेली ही द्रव्ये वरवरच्या गंजाला स्थिर करतात, आणि जाडी शाबूत असलेल्या पत्र्यावर ती जरूर वापरावीत. पण फटीच्या पोटात ती पोचत नाहीत, आणि झिजून गेलेले लोखंड परत आणत नाहीत. अधिक विचार करायला लावणारा आक्षेप जतन करणाऱ्यांचा आहे: प्रत्येक कापणीबरोबर मूळ गाडीचा एक भाग नाहीसा होतो. हे खरे आहे. म्हणूनच कापायचे ते गंज गेला आहे तेवढेच, आणि जोडायचे ते मूळच्याच रचनेत, पडद्याच्या जागी पडदा. शिवाय गंजके जुने लोखंड तसेच ठेवल्याने ते जपले जात नाही, शेजारचे धड लोखंडही त्याच्याबरोबर जाते.

मग सगळी बॉडीच नवी का घेऊ नये? तो मार्ग खरोखर आहे. 1988 मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साचे शोधून एमजीबीची संपूर्ण बॉडी पुन्हा काढायला सुरुवात केली, आणि त्याच कामाच्या आधारावर रोव्हर कंपनीने 1992 मध्ये एमजी आरव्ही8 सादर केली. ज्या गाडीचा तळ, सिल, पाट्यांच्या जागा सगळेच गेले आहे, तिच्यासाठी ही निवड शहाणपणाची आहे. अशा गाडीत महिनोन् महिने ठिगळे जोडणे हा अट्टहास ठरतो. पण नवी बॉडी महाग असते, आणि तिच्यात जुनी गाडी शेवटच्या तारेपर्यंत उतरवून पुन्हा बसवावी लागते. बहुतेक गाड्यांचे दुखणे सिल, तळाचा काही भाग आणि मडगार्डांच्या कडा एवढेच असते.

राहिला सर्वांत वजनदार आक्षेप: सांगाड्याचे वेल्डिंग हौशी माणसाने करावेच का? शिकण्याआधी मुळीच करू नये. भंगारातल्या तेवढ्याच जाडीच्या पत्र्यावर सराव करून, जोड वाकवून आणि तोडून पाहिल्यावर, जोडाऐवजी शेजारचा पत्रा फाटू लागला की मगच गाडीला हात लावावा. पेट्रोलची टाकी काढून दूर न्यावी, बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा सोडाव्यात, गालिचे आणि तळाला फासलेले डांबर खरवडून काढावे, कारण ते पेटते. जस्ताचा धूर फुप्फुसात गेला तर ताप येतो, म्हणून हवा खेळती हवी. त्या काळी बॉडीच्या सांध्यांत शिसे भरून ते घासलेले असे. ते कोरडे घासून त्याची धूळ उडवू नये. आणि आयसोसायनेट असलेला दोन घटकांचा रंग घरच्या शेडमध्ये साध्या मास्कवर फवारू नये, ते काम रंगाच्या बंदिस्त खोलीत द्यावे. घरी करण्याचा आग्रह धरावा तो लोखंडाच्या कामापुरता.

ब्रिटनमध्ये दरवर्षी होणाऱ्या एमओटी तपासणीत सीटबेल्ट, सस्पेन्शन किंवा स्टिअरिंग जिथे बसवलेले आहे, त्या जागेपासून 30 सेंटीमीटरच्या आत पत्रा कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते. मे 2018 पासून, मोठे फेरफार न केलेल्या चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना ही तपासणी सक्तीची राहिलेली नाही, आणि वयाच्या हिशेबाने आता सगळ्याच एमजीबी त्यात येतात. सवलत मिळाली खरी, पण कुजलेला सिल पाहणारा एक परका डोळा गेला. तपासणी स्वेच्छेने मात्र करून घेता येते, आणि ती वेल्डिंग पुरे झाल्यावर, सिलवर पातळ प्रायमरखेरीज काही नसताना करून घ्यावी. रंग चढल्यावर तपासनिसालाही जोड दिसत नाहीत. त्याने होकार दिल्यावर रंग, रंग वाळल्यावर पेटीच्या आत लांब नळीने पातळ मेणाची फवारणी, आणि मेण निथळून गेल्यावर तळाची भोके एकेक करून तारेने मोकळी केलेली आहेत याची खात्री.