'वर्धा'चं 'वर्‌धा' होतंय? मग आधी इमॅजिक बसवा

पीएचपीत फोटोवर मराठी नाव छापलंय कधी? पीएचपीसोबत येणारं नेहमीचं जीडी एक्स्टेन्शन एकेक अक्षरखूण नुसती ओळीनं मांडतं. त्यामुळे 'हिंगणघाट'मधली वेलांटी ह-च्या मागे जाते आणि 'वर्धा'चा रफार सुटा पडतो. लग्नपत्रिकेवर असं छापलं, तर पाहुणे चहापेक्षा त्याचीच चर्चा करतील.

उपाय इमॅजिक हे पीएचपीचं एक्स्टेन्शन. ते स्वतः फारसं काही करत नाही. खरं काम इमेजमॅजिक या 1990 पासूनच्या लायब्ररीचं. म्हणून आधी लायब्ररी, मग एक्स्टेन्शन. उबंटूवर 'पीएचपी-इमॅजिक' हे पॅकेज घेतलं की दोन्ही सोबतच येतात. नंतर पीएचपी-एफपीएम किंवा अपाची रीस्टार्ट करा. हे विसरून मी अख्खी दुपार घालवली! टर्मिनलवर एक्स्टेन्शन दिसत होतं, साइटवर नाही. दोघांच्या सेटिंग्ज वेगळ्या असतात, त्यामुळे तपासणी ब्राउझरमधूनच करा.

आता मुख्य गोष्ट: इमेजमॅजिकच्या आवृत्तीची माहिती काढून डेलिगेट्समध्ये 'रॅक्म' आहे का बघा. जोडाक्षरं जुळवणारं हार्फबझ त्याच्यामार्फत चालतं. सोबत फॉन्टही देवनागरीचा हवा, नाहीतर नुसते चौकोन उमटतात.

इमॅजिकनं पीडीएफ उघडत नसेल तर कोड उकरत बसू नका. सुरक्षेसाठी पीडीएफ वाचणं अनेकदा इमेजमॅजिकच्या पॉलिसी फाइलमध्ये बंद केलेलं असतं.