रायफल अडते तेव्हा

खोडद म्हटले की लोकांना आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या रेडिओ दुर्बिणी आठवतात. मला मात्र टोमॅटोवर औषध मारण्याचा आमचा पंप आठवतो. एन.सी.सी.च्या शिबिरात अडलेली रायफल मला समजली ती या पंपामुळेच.

ती रायफल म्हणजे 7.62 मि.मी.ची एस.एल.आर. बेल्जियमच्या एफ.एन. कंपनीच्या रायफलीच्या धर्तीवर ती आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यात तयार झाली. 1962 च्या युद्धात आपल्या जवानांच्या हाती बहुतांशी .303 रायफल होती. प्रत्येक गोळीनंतर तिचा बोल्ट हाताने ओढावा लागे. एस.एल.आर.मध्ये हे काम वायू करतो. दारू पेटून झालेला वायू गोळीला पुढे ढकलतो. गोळी नळीतल्या बारीक छिद्रापुढे गेली की थोडा वायू त्यातून वर येऊन दट्ट्याला मागे रेटतो. त्या ठोशाने बोल्ट उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि स्प्रिंगच्या जोराने पुढचे काडतूस आत बसते.

परंतु सगळा वायू दट्ट्याला लागत नाही. रेग्युलेटरमधून जादा वायू मुद्दाम बाहेर सोडतात. आमच्या पंपावरही जादा पाणी पिंपात परत सोडणारा कॉक आहे. तो जास्त उघडला की फवारा मंदावतो. रेग्युलेटरचेही तसेच. म्हणजे गळती ही येथे सोयच आहे. नको तेथे झाली की मात्र ती दोष ठरते.

सरावात माझी रायफल अडली. पुंगळी बाहेर पडेना. हवालदारसाहेबांनी उपाय विचारला. मी झटकन म्हणालो, “रेग्युलेटर बंद करू.” ते म्हणाले, “पट्टी बांधशील, पण काटा आतच राहील.”

मग त्यांनी क्रम शिकवला. प्रथम मॅगझिन काढून रायफल रिकामी असल्याची खात्री करावी. नंतर गॅस प्लग पाहावा. ग्रेनेड फेकण्यासाठी तो फिरवून वायू बंद करता येतो, म्हणून उलटा बसला तर रायफल आपोआप भरतच नाही. पुढे दट्ट्या. स्प्रिंग काढून तो नळकांड्यात सोडला तर स्वतःच्या वजनाने घसरला पाहिजे; अडखळला तर काजळी साचली आहे किंवा तो वाकला आहे. त्यानंतर सांधे. सांध्याबाहेर काजळीचा ताजा ओघळ दिसला की वायू तेथून निसटतो. हे सर्व ठीक असेल तरच रेग्युलेटरला हात लावावा. तो पूर्ण उघडून एकेक गोळी झाडावी, पुंगळी स्वच्छ बाहेर पडेपर्यंत एकेक खूण बंद करावी आणि धूळ-काजळीसाठी आणखी दोन खुणा द्याव्यात.

आमच्या रायफलीच्या नळकांड्याच्या सांध्याशी काळा ओघळ सापडला. तेथे ते ढिले झाले होते. रायफल आर्मररकडे गेली.

त्या रात्री मला घरचा पंप आठवला. फवारा मंदावला म्हणून आम्ही आठवडाभर कॉक थोडा थोडा बंद करीत होतो. झिरपणारा सांधा कोणी पाहिला नाही. एका सकाळी दाबाने तो सुटला आणि औषध वडिलांच्या डोळ्यांत गेले. डोळे वाचले, पण तो कॉक बंद करणारा हात माझाच होता.