फी माफ झाली, पुढे?

बारावीचा निकाल लागला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरातल्या सेतू केंद्रांवर गर्दी वाढते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर. कम्प्युटर किंवा आयटीच्या पदवीची सवलत या कागदांवर अवलंबून असते.

सवलती तशा कमी नाहीत. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाची निम्मी शिकवणी फी सरकार भरतं. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची ती पूर्ण माफ झाली. ट्यूशन फी वेव्हर स्कीमच्या (टीएफडब्ल्यूएस) पाच टक्के जादा जागांवर गुणवत्तेने प्रवेश मिळाला, तर मुलगा असो वा मुलगी, शिकवणी फी पडत नाही. एआयसीटीईची 'प्रगती' शिष्यवृत्ती निवडलेल्या मुलीला वर्षाला पन्नास हजार रुपये देते.

मग अडतं कुठे? 'शिकवणी फी' म्हणजे सगळी फी नव्हे. विकास शुल्क वेगळं भरावं लागतं. मॅनेजमेंट कोट्यातून गेलेल्याला शाहू शिष्यवृत्ती मिळत नाही. शिवाय उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये नगावर जीन्स शिवणाऱ्या घरात पगाराची स्लिप नसते. कमाई थोडी असूनही ती कागदावर सिद्ध करणं तिथेच जास्त कठीण.

त्यात अंतर. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. उदाहरण घ्या: चेंबूरचं विवेकानंद एज्युकेशन सोसायटीचं इंजिनीअरिंग कॉलेज सिंधी भाषिक अल्पसंख्याक संस्था आहे. सोसायटी काढली फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हशू अडवाणींनी, १९६२ साली. त्यामुळे निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरच्या सिंधी मुलांना तिथे राखीव जागांचा आधार आहे. पण रोज कुर्ल्याला उतरून हार्बर पकडायची. मुलीला पदवीपर्यंत रेल्वेचा पास मोफत. मुलाला बारावीपर्यंतच, पुढे सवलतीच्या दरात. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता घरून ये-जा करणाऱ्याला नाही, आणि या पट्ट्यातली बरीच मुलं घरूनच ये-जा करतात. गर्दीच्या लोकलमध्ये कोडिंगचा सराव होत नाही, हे कुठल्याच योजनेत धरलेलं नाही.

फीपलीकडच्या मदतीचा एक नमुना अमेरिकेत आहे. तिथे नॅशनल सायन्स फाउंडेशनची 'एस-स्टेम' योजना कमी उत्पन्नाच्या हुशार मुलांना कम्प्युटर, इंजिनीअरिंग आणि विज्ञान शिकायला मदत करते. तिचा पैसा येतो एच-वन-बी व्हिसाच्या अर्जांवर कंपन्या भरतात त्या शुल्कातून. म्हणजे ऐरोली-हिंजवडीतून तिकडे गेलेल्या इंजिनीअरपायी भरलेल्या डॉलरांवर तिथली गरजू मुलं शिकतात. इथल्या मालावरचं 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद पचवलेल्या शहराला यातली गंमत सांगायला नको. घेण्यासारखी गोष्ट मात्र दुसरी आहे: अनुदान कॉलेजला मिळतं आणि शिष्यवृत्तीबरोबर प्राध्यापकांचं मार्गदर्शनही द्यावं लागतं.

आपल्याकडे हे काम संस्था करतात. ठाण्याचं विद्यादान सहाय्यक मंडळ २००८ पासून गरजू विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाला पैसा पुरवतं, आणि कार्यकर्ते त्या मुलांच्या संपर्कात राहतात. मुंबईत सुरू झालेली 'कॅटलिस्ट' इंजिनीअरिंगच्या मुलींना आर्थिक मदतीबरोबर लॅपटॉप, इंग्रजीचा सराव आणि उद्योगातले मार्गदर्शक देते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला पहिल्या सेमिस्टरमध्ये एम-वन नावाचं गणित इंग्रजीतून समोर येतं, तेव्हा फी माफीइतकीच गरज शंका विचारता येईल अशा माणसाची असते. सरकारी योजनांत नेमकं हेच खातं रिकामं आहे.