बर्फातली सेकंडहँड गाडी : आधी टायर, मग इंजिन!

जानेवारीतली संध्याकाळ. बाहेर तापमान उणे १२. सीनियरच्या गाडीतून आम्ही चौघं किराणा घेऊन परत येत होतो. गाडी म्हणजे चारही चाकांना ड्राइव्ह, वर टर्बो! होस्टेलला असताना असल्याच गाडीचा फोटो आम्ही कपाटाच्या आतून चिकटवला होता. बर्फाचा चढ ती अशी चढली की आम्ही शिट्ट्याच मारल्या. मग उतार आला. खालचा सिग्नल लाल झाला. सीनियरने ब्रेक दाबला, ए.बी.एस.ची खडखड सुरू झाली आणि गाडी... चालतच राहिली. थांबली ती चौकाच्या बरोब्बर मधोमध. बाजूने बर्फ ढकलणारा भला मोठा ट्रक येत होता. त्याने वेळेवर थांबवला, म्हणून हा लेख लिहायला मी आहे.

कुणीच काही बोललं नाही. पिशवी फुटून कांदे सीटखाली गेले होते, ते उचलायचंही कुणाला सुचलं नाही.

मित्रांनो, पुढच्याच महिन्यात मला स्वतःची गाडी घ्यायची होती. बजेट सहा हजार डॉलर. अट एकच, चालवायला मजा आली पाहिजे. त्या संध्याकाळनंतर आणखी एक अट वाढली : थांबली पाहिजे! आपल्यातले बरेच जण एम.एस.साठी अशाच थंड प्रदेशात जातात आणि पहिल्या वर्षातच गाडीचा प्रश्न येतो. म्हणून हा लेखप्रपंच.

गाव कसलं, फ्रीजरच!

मी शिकायला होतो ते हॉटन हे गाव मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, लेक सुपीरियरमध्ये घुसलेल्या कीविनॉ द्वीपकल्पावर आहे. कॅनडाकडून येणारा कोरडा, गार वारा त्या मानाने उबदार तलावावरून येताना बाष्प उचलतो आणि जमीन लागली की बर्फ ओततो. हिवाळ्यात सरासरी २०० इंचांच्या आसपास, म्हणजे सुमारे पाच मीटर! १९७८-७९ च्या हिवाळ्यात तर कीविनॉ काउंटीत ३९०.४ इंच बर्फ पडल्याची नोंद आहे. त्यात गाव डोंगरउतारावर. म्हणजे चढ-उतार रोजचेच.

घर्षणाचा फंडा

फर्स्ट इयरचं सूत्र आठवा. थांबायचं अंतर = वेगाचा वर्ग भागिले (२ × घर्षणांक × जी). कोरड्या डांबरावर घर्षणांक साधारण ०.८ धरू. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर साध्या 'ऑल-सीझन' टायरचा ०.२, चांगल्या विंटर टायरचा ०.३. काचेसारख्या नितळ बर्फावर ०.१.

ताशी ५० कि.मी. म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. आता उत्तरं बघा. कोरडा रस्ता : १२ मीटर. बर्फावर ऑल-सीझन : ४९ मीटर. बर्फावर विंटर टायर : ३३ मीटर. नितळ बर्फ : ९८ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या जवळजवळ पाच खेळपट्ट्या एकापुढे एक! आणि यात ड्रायव्हरला भानावर यायला लागणारा वेळ धरलेलाच नाही.

आता खरी गंमत पुढे आहे. विंटर टायरची गाडी ३३ मीटरवर उभी राहते, तिथून ऑल-सीझनवाली ताशी २९ कि.मी. वेगाने पुढे निघून जाते. आमचं चौकात जे झालं ते हेच.

टायरमध्ये एवढं काय असतं? एक म्हणजे रबर. सुमारे ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होत जातं. विंटर टायरचं मिश्रण थंडीतही मऊ राहतं. दुसरं म्हणजे त्याच्या ठोकळ्यांवर असलेल्या शेकडो बारीक चिरा, त्या बर्फाला धरतात. विकत घेताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह बघा. नुसतं 'एम + एस' लिहिलेलं असेल तर ते फक्त नक्षीबद्दल आहे. त्यावर विसंबू नका.

चार चाकांचा गैरसमज

'फोर-व्हील ड्राइव्ह घे, मग टेन्शन नाही,' हे प्रत्येक जण सांगतो. अर्धं खरं आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत साधारण ६० टक्के वजन पुढे असतं. म्हणजे ०.२ घर्षणांकावर तिला जास्तीत जास्त ०.१२ जी प्रवेग मिळतो. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला पूर्ण ०.२ जी. निघताना, चढताना फरक जाणवणारच.

पण ब्रेक? ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. तिथे चार चाकांच्या ड्राइव्हचा फायदा शून्य. उलट गाडी सहज पळते म्हणून ड्रायव्हरला रस्ता किती निसरडा आहे ते कळतच नाही. आणि हो, पुढच्या चाकांच्या गाडीला विंटर टायर घातले की प्रवेग ०.१८ जी होतो. म्हणजे चढायला जवळजवळ बरोबरी आणि थांबायला दीडपट पकड!

इतिहास काय सांगतो? मॉन्टे कार्लो रॅली १९६२ आणि १९६३ मध्ये एरिक कार्लसनने साब ९६ घेऊन जिंकली. इंजिन फक्त ८४१ सी.सी., तेही टू-स्ट्रोक! १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्कची १०७१ सी.सी.ची मिनी कूपर जिंकली. दोन्ही गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आणि हलक्या. १९८० मध्ये ऑडी क्वाट्रो आली आणि रॅलीचं गणित बदललं हे मान्य. पण आपल्याला किराणा आणायचाय, स्टेज जिंकायची नाहीये.

मजा म्हणजे काय?

माझ्या यादीत तीन गाड्या होत्या.

पहिली, सुबारू डब्ल्यू.आर.एक्स. बर्फात धमाल गाडी, वाद नाही. पण माझ्या बजेटमध्ये मिळणारी म्हणजे तीन-चार उत्साही मालकांच्या हातून पिळून निघालेली. शिवाय चारही टायर सारखेच झिजलेले लागतात, नाहीतर मधल्या डिफरन्शियलवर ताण येतो. एक फाटला की चार घ्या!

दुसरी, माझदा मियाटा. छोटी, मागच्या चाकांवर चालणारी, नुसती बघूनच हसू येतं. विंटर टायर घातले तर बर्फातही चालते. पण सीट दोनच, आणि पोट जमिनीच्या इतकं जवळ की ताज्या बर्फात गाडी नांगर होते.

तिसरी, २०१४ ची माझदा ३. दोन लिटर, १५५ हॉर्सपॉवर, सहा गिअर, मॅन्युअल. एक लाख वीस हजार मैल झालेली. अमेरिकेत मॅन्युअलला गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव करता येतो. आपण तर गिअरवरच शिकलेले! शिवाय २०१२ च्या मॉडेलपासून अमेरिकेत नव्या मोटारींना स्थिरता नियंत्रण सक्तीचं आहे, तेही मिळालं. ५,२०० ला सौदा झाला. उरलेले ८०० स्टीलच्या रिमसकट चार विंटर टायरला. हिशोब चोख!

१५५ हॉर्सपॉवरमध्ये कसली मजा, असं विचाराल. अहो, कोरड्या रस्त्यावर गाडी पकडीच्या टोकाला न्यायची तर जीवघेणा वेग लागतो. बर्फावर ते टोक ताशी ३० लाच येतं! पकड म्हणजे महिन्याचा पॉकेटमनी समजा. सगळा ब्रेकवर उडवलात तर वळायला काही उरत नाही. वळणाआधी सरळ रेषेत ब्रेक, मग पाय उचलून स्टिअरिंग, मग हळूच गॅस. हे जमलं की साधी गाडीसुद्धा नाचते. जास्त ताकद असली तर चाकं नुसती जागेवर फिरतात.

गंज, गंज आणि गंज

बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ गाडी खालून खातं. मिशिगनमध्ये गाडीची ठरावीक काळाने सक्तीची तपासणी नसते, म्हणजे तपासायचं आपणच. टॉर्च घेऊन खाली झोपा. ब्रेकच्या नळ्या, दारांखालचे पत्रे, सबफ्रेम बघा. लोहचुंबक जिथे चिकटायला हवा तिथे चिकटत नसेल तर आत पुट्टी आहे. शंभरेक डॉलर देऊन तिऱ्हाईत मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून घ्या. एवढा स्वस्त विमा दुसरा नाही.

इंजिन थंड असतानाच चालू करून बघा. मालकाने 'तुमच्यासाठी गरम करून ठेवलीय' म्हटलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. बॅटरीवरचा कोल्ड क्रँकिंग अँपिअरचा आकडा उणे १८ अंशांना मोजलेला असतो, तो गाडीच्या मॅन्युअलशी ताडून घ्या. कूलंटमध्ये अँटिफ्रीझ आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर ते उणे ३७ पर्यंत गोठत नाही. हीटर आणि मागच्या काचेच्या गरम तारा चालतात का तेही बघा.

डिकीत फावडं, वाळूची पिशवी, जंपर केबल, ब्लँकेट ठेवा. आणि गाडी बर्फात अडकली तर इंजिन चालू ठेवण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. हे विसरून माणसं मेली आहेत.

जाता जाता

पहिला बर्फ पडला त्या रात्री मी परवानगी काढून एका रिकाम्या पार्किंगमध्ये दोन तास घालवले. ब्रेक, वळण, हँडब्रेक, परत ब्रेक. गाडी कधी सुटते आणि सुटायच्या आधी स्टिअरिंग कसं हलकं होतं, ते तिथे कळलं. आयुष्यातलं सगळ्यात मजेशीर प्रॅक्टिकल! पुढच्या नोव्हेंबरात आमच्या सीनियरनेही विंटर टायर घेतले. न सांगता.

आपल्याकडे बर्फ नाही, पण जूनचा पहिला पाऊस आहे. रस्त्यावरचं तेल आणि धूळ ओली होते आणि घाटातला रस्ता साबण होतो. सूत्र तेच, फक्त घर्षणांक वेगळा. 'सबमिशन झालं की टायर बदलू,' म्हणणारे आपल्या होस्टेलमध्ये दर वर्षी असतात. मीही होतो. आज मेसला जाताना पार्किंगमध्ये आपल्या बाइकच्या मागच्या टायरवर एकदा अंगठा फिरवून बघा.

– एक माजी होस्टेलाइट, मेकॅनिकल