तळ्यावरची जुम्मा मशीद

धोबीतलावात आज तलाव नाही आणि गोवालिया टँकचं मैदान झालंय. 1860 साली विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. पुढे मलेरियाच्या भीतीने मुंबईतली तळी एकामागून एक बुजवली गेली. मुंबादेवीचं तळंही त्यातून सुटलं नाही. तिथून जवळच, झवेरी बाजार आणि क्रॉफर्ड मार्केटच्या गर्दीत, एक तळं मात्र शाबूत राहिलं. त्याच्यावर जुम्मा मशीद उभी आहे.

अठराव्या शतकात इथे बागा आणि मोकळी जमीन होती. मालक होता गोवा आणि कालिकतशी व्यापार करणारा एक कोकणी मुसलमान. मशिदीला जागा देताना त्याने अट घातली, तळं जसंच्या तसं राहिलं पाहिजे. 1775 साली काम सुरू झालं, पण कोर्टकज्जे आडवे आले आणि इमारत पुरी व्हायला 1802 साल उजाडलं. मुंबईत बांधकाम रखडतं ते काही आजच नाही!

दिल्लीची जामा मशीद शाहजहान बादशहाने बांधली. मुंबईची उभी राहिली ती दर्यावर्दी आणि व्यापाऱ्यांच्या पैशावर. कोकणी मुसलमान हा किनाऱ्यावरचा समाज. बोली कोकणी, पंथ शाफई. सुरुवातीची मशीद एकमजली होती. वरचा मजला चढला तो मुख्यतः मोहम्मद अली रोगे यांच्या देणगीतून. रोगे हे पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांचे चीनच्या व्यापारातले भागीदार. जैन मोतीचंद अमीचंद आणि मूळचे गोव्याचे कॅथलिक रोजेरिओ द फारिया हेही त्याच गोटातले. मशिदीच्या विटांमध्ये त्या काळी मुंबईहून चीनला जाणाऱ्या अफू-कापसाचा नफाही आहे, हे विसरून चालत नाही.

नमाज काब्याकडे तोंड करून पढतात आणि काबा मुंबईच्या पश्चिमेला, म्हणून मुख्य दरवाजा पूर्वेला. आत शिरून चौक ओलांडला की समोर थेट पाणी. ते बाहेरून भरावं लागत नाही. तळाशी जिवंत झरे आहेत. पाण्यातून काळ्या दगडाच्या 16 कमानी वर येतात आणि मशिदीचा सगळा भार त्यांच्यावर आहे. या कमानी 1874 सालच्या. वरच्या मजल्यावर लाकडी खांबांच्या पाच रांगा आहेत आणि खांबाखांबात धर्मग्रंथ ठेवायला खण केले आहेत. सुताराच्या या युक्तीला दाद द्यावी तेवढी थोडीच. बाहेरच्या अंगाला, तळमजल्यावर दुकानं.

तळ्याला बांधीव पायऱ्या 1893 साली मिळाल्या. नमाजाआधी वजू करायला, म्हणजे हात-पाय-तोंड धुवायला, लोक त्याच उतरून पाण्याशी येतात, आणि पाण्यात मासे फिरत असतात.